नऊ वॉटचे सोनकांबळे

लिंबाजी सोनकांबळे तुमच्या घरी आले, तर आधी तुमच्याकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. तुम्ही "या, बसा" म्हणता, आतून कोणीतरी पाण्याचा पेला आणतं, आणि हा माणूस मान वर करून, डोळे बारीक करून तुमच्या दिव्याकडे बघत दारातच उभा. मग चपला काढता काढता पहिला प्रश्न येतो, "किती वॉट?"

तब्येत, मुलंबाळं, पाऊसपाणी हे सगळं त्यानंतर.

माझ्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा चाकणला कंपनीत इंजिनिअर. शेजारी म्हणून सोनकांबळेही येऊन बसले होते. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा." मी काही बोलायच्या आत सोनकांबळे पुढे सरसावले.

"घरात बल्ब कोणते हायत?"

मुलगा बिचारा गोंधळला. "एलईडी आहेत. बाथरूममध्ये तेवढा जुना पिवळा आहे."

"तो का ठेवला?"

"अजून गेला नाही म्हणून."

"जायची वाट बघायलात?" सोनकांबळ्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "जाईपर्यंत तो किती खाऊन जाईल, ते बघितलं का कधी? एवढे शिकलेले तुम्ही."

बैठक गार पडली. तरीही लग्न जमलं. जावयाने साखरपुड्याच्या आधी तो बल्ब बदलला आणि तसा फोन केला. मला नाही, सोनकांबळ्यांना.

आमची सोसायटी चाकणजवळ, निघोज्याच्या अलीकडे आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. राहणारे बहुतेक एमआयडीसीत काम करणारे, नाहीतर माझ्यासारखे काम करून थकलेले. मी बत्तीस वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, हे लिहिण्यात माझी हयात गेली. सोनकांबळे दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. मूळचे नांदेडकडचे. चाळीस वर्षांपूर्वी पिंपरीत आले, पण बोलण्यातलं नांदेड काही गेलं नाही. बायको वारली आहे, मुलगी तिकडेच दिली आहे. आमच्याच विंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. पाठीमागे त्यांना सगळे 'नऊ वॉट' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "साठ म्हणण्यापेक्षा बरं," असं त्यांचं त्यावर उत्तर असतं.

या माणसाबद्दल आमच्या सोसायटीत एक गोष्ट सांगतात. नवा भाडेकरू आला की त्यालाही सांगतात. सोनकांबळ्यांनी काटकसरीपायी जिन्यातला दिवा काढला, त्या अंधारात शेवंताबाई पडल्या आणि त्यांचा हात मोडला, अशी ती गोष्ट. गेली सात वर्षं ती सांगितली जाते आहे आणि सात वर्षं मी मान डोलावत ऐकतो आहे. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण दिवा मी काढला होता. मी आता पंचाहत्तरीला आलो आहे. हे वाचून ज्यांना माझ्याशी बोलणं बंद करायचं असेल त्यांनी खुशाल करावं. मी ते आता छापूनच टाकतो.

पण आधी माणूस नीट कळू द्या.

सोनकांबळ्यांकडे एक लाकडी फळी आहे. तिच्यावर तीन होल्डर बसवले आहेत. एकात जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब, दुसऱ्यात पंधराचा सीएफएल, तिसऱ्यात नऊचा एलईडी. ही फळी घेऊन ते हळदीकुंकवाला गेले आहेत, बारशाला गेले आहेत, बुद्धविहारात जयंतीच्या कार्यक्रमात वक्त्यांच्या आधी बोलले आहेत. बायकांना ते फळीजवळ बोलवायचे.

"ताई, उजेड सारखाच हाय का तिन्हीचा?"

"सारखाच दिसतोय."

"आता ह्याच्याजवळ हात न्या."

पिवळ्याजवळ हात नेला की बाई चटकन मागे घ्यायची. सोनकांबळे खूष.

"तुम्ही दिवा लावायलात का शेगडी पेटवायलात? ही शेगडी हाय ताई. उजेड हा तिचा जोडधंदा. साठचा बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट संपवतो. तेवढ्याच युनिटावर हा पंधराचा पावणेतीन दिवस चालतो, आणि हा नऊचा साडेचार दिवस. रात्रंदिवस, बंद न करता. आणि शेगडीच पाहिजे तर शेगडी घ्या ना, तिच्यावर चहा तरी होईल."

लोकांना ते कंजूष वाटायचे. ते कंजूष नव्हते. त्यांच्याकडे गेलात तर स्वयंपाकघरात, मोरीत, अगदी दाराबाहेरही लख्ख उजेड असे. दिवे बंद करत फिरणाऱ्या माणसांचा त्यांना तिटकारा होता. "उजेड कमी करून वाचवायचं, याला अक्कल लागत नाही," ते म्हणायचे. "उजेड तेवढाच ठेवून वाचवून दाखवा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकून काय उपयोग झाला, ते पुढे येईलच.

त्यांची दुसरी खोड म्हणजे लाल टॅग. कंपनीत इलेक्ट्रिशियन कामाला लागला की आधी स्विच बंद करतो आणि त्यावर आपला लाल टॅग टांगतो. 'काम चालू आहे, स्विच लावू नये.' खाली नाव, तारीख, वेळ. तो टॅग ज्याचा आहे त्यानेच काढायचा. वरिष्ठ आले, मॅनेजर आले, मालक आला, तरी दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कारण तारेवर ज्याचा हात आहे, त्याचं नाव त्या टॅगवर आहे. रिटायर होताना कंपनीने सोनकांबळ्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. यांनी ते घेतलं आणि वर टॅगचं एक बंडल मागून घेतलं.

त्या बंडलाने सोसायटी हैराण झाली. पाण्याच्या मोटारीचं बटण, जिन्यातली बटणं, गणपतीच्या मांडवातला बोर्ड, जिथे सोनकांबळ्यांचा हात लागला तिथे लाल टॅग. एकदा चेअरमनांच्या गीझरला टॅग लावून ते पिंपरीला पार्ट आणायला गेले आणि पार्ट मिळेना म्हणून संध्याकाळी उशिरा परतले. चेअरमन दिवसभर बिनआंघोळीचे बसले, पण टॅगला हात लावला नाही. एवढा त्या लाल कागदाचा दरारा होता. कामं वाढली तसे सोनकांबळे टॅगवर नाव आधीच लिहून ठेवू लागले. तारीख, वेळ तेवढी टांगताना घालायची. असं नाव लिहिलेलं एक बंडल सोसायटीच्या ऑफिसात, माझ्या टेबलाच्या खणात असे.

मी तेव्हा सेक्रेटरी होतो. जिन्यातल्या दिव्यांचं बिल फार येतं म्हणून आदल्या वर्षीच्या सभेत चेअरमन सगळ्यांसमोर मला म्हणाले होते, "देशमाने काका, बिल कमी करा, नाहीतर आम्ही सेक्रेटरी बदलतो." सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं.

सोनकांबळे वर्षभर सांगत होते की जिन्यातले सगळे पिवळे काढा आणि नऊचे एलईडी लावा. पण ते घ्यायचे म्हणजे वर्गणी आली. "चालू आहेत ना? मग बदलायचे कशाला?" यापुढे कोणी जात नव्हतं. सभा तोंडावर आली, तेव्हा मला एक सोपी युक्ती सुचली. एकाआड एक बल्ब काढून टाकायचा. मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या वळणापासून सुरुवात केली. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. त्या वळणावरून मला स्वतःला कधी जावं लागत नव्हतं, हेही आता लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास मी बल्ब काढला. कोणी दुसरा आणून लावू नये म्हणून काय करावं, असा विचार करत ऑफिसात आलो, खण उघडला आणि बंडल दिसलं. मी एक टॅग घेतला, तारीख घातली आणि वळणावरच्या बटणाला टांगला. आता त्या बटणाकडे कोणी फिरकणार नव्हतं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

शेवंताबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. निघोज्याच्याच जुन्या घरातल्या. जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हापासून त्या भाकऱ्या करून विकतात. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना पंधरा-वीस डबे जायचे. त्या संध्याकाळी सात वाजता त्या दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन उतरत होत्या. वळणावर पायरी चुकली. उजवा हात मनगटात मोडला. ज्या हाताने भाकरी थापायची, तोच.

तिसऱ्या दिवशी सभा झाली. टेबलावर तो लाल टॅग ठेवला होता. शेवंताबाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"सोनकांबळे, हा टॅग तुमचा का?" चेअरमनांनी विचारलं.

ते उठले. त्यांनी टॅग हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. तारीख होती. वेळ नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांनी वेळ न घालता एकही टॅग टांगला नसेल. आणि ज्याने बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात दुसरं काही केलं नाही, तो मी, वेळ घालायचीच विसरलो होतो. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. छताकडे नाही, माझ्याकडे. मग चेअरमनांना म्हणाले, "नाव माझं हाय."

एवढंच. मी तेव्हाच उठायला हवं होतं. मी हातातल्या कागदांची टोकं जुळवत बसलो.

"काय रं, नऊ वॉट," शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझ्या हातानं किती युनिट वाचलं?"

लोक हसले. सोनकांबळे टॅग टेबलावर ठेवून खाली बसले. मग सभा शरमेने म्हणा, रागाने म्हणा, एका झटक्यात हलली. जिन्यातले सगळे दिवे एलईडी करायचे, हा ठराव मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. पुढच्या वर्षी बिल खाली आलं तेव्हा टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. त्या मी घेतल्या.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकांबळे तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, "डबे द्या." शेवंताबाईंची सून आत भाकऱ्या थापत होती, पण डबे पोचवायला माणूस नव्हतं. शेवंताबाईंनी त्यांना जे सुनावलं ते पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. सगळं सुनावून झालं तरी माणूस दारातच उभा. शेवटी पिशव्या दिल्या. दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, त्यांनी ते डबे वाहिले. दुपारी शेवंताबाई त्यांना जेवायला वाढायच्या, म्हणजे सुनेला वाढायला लावायच्या आणि समोर बसून टाकून बोलायच्या. हात बरा झाला आणि तेही बंद झालं.

त्यानंतर सोनकांबळ्यांना कोणी घरी बोलवेना. फळी कॉटखाली गेली. बंडल त्यांनी माझ्या खणातून मुकाट्याने उचलून नेलं.

तुम्ही म्हणाल, सात वर्षं काय केलंत? दर वर्षी उद्या सांगू म्हटलं. सेक्रेटरीपद गेल्यावर सांगू म्हटलं. ते गेलं, तरी सांगितलं नाही. मग यंदाच्या सभेत एक नवा भाडेकरू सोनकांबळ्यांकडे बोट दाखवून बायकोला म्हणाला, "तेच ते, बाईचा हात मोडला ते." मी शेजारीच बसलो होतो. ते ऐकून माझी मान सवयीने डोलली. स्वतःच्या मानेची मला त्या दिवशी किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ते चहा गाळत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"बसा साहेब," ते म्हणाले. "मला माहीत हाय. टॅगवर वेळ नव्हती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी सेक्रेटरी खोटा पडला असता, तर ठराव कोण मांडणार होतं? दोन वर्षं भांडत बसला असता तुम्ही लोक, आणि जिना तसाच अंधारात. माझं नाव गेलं, जिन्यात उजेड आला. तो बी नऊ वॉटमध्ये." त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. "आणि चूक माझी बी होती. मोकळ्या टॅगवर नाव लिहून ठेवतं का कोणी? कंपनीत असं केलं असतं, तर आधी मला मेमो मिळाला असता."

मी कप उचलला आणि परत खाली ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग तुम्ही लोकांकडे जाणं कशाला बंद केलंत? राग विसरले असते लोक."

"रागाचं नाही साहेब." ते स्वतःच्या छतावरच्या दिव्याकडे बघत होते. "पिवळा होता तेव्हा दर पाच-सहा महिन्यांनी जायचा. मग हाक यायची, मामा, बल्ब गेलाय. बल्ब बदलायला पाच मिनिटं, चहाला पाऊण तास. या विंगेत अठरा घरं. महिन्यातनं दोन-तीन घरं तरी व्हायची. आता हे जातच नाहीत. कशाला बोलवतील?"

"हे तुमच्या आधी लक्षात आलं नाही?"

"न यायला काय झालं?" ते म्हणाले. "किती तास टिकतो, ते खोक्यावरच छापलेलं असतं."

मी त्यांच्याकडून एक कोरा टॅग मागून घेतला. घरी येऊन त्यावर माझं नाव घातलं, तारीख घातली आणि या वेळी वेळही घातली. सकाळचे दहा वीस. एका कागदावर झालेलं सगळं लिहिलं, सोसायटीच्या फळ्यावर लावलं आणि वर तो टॅग टांगला.

दुपारी चेअरमन आले. "काका, जुनं कशाला उकरता? सोसायटीचं नाव खराब होतं. काढून टाका तो कागद."

"त्यावर टॅग आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही काढा."

"ज्याचा टॅग त्यानेच काढायचा, हे बरोबर. मी काढणार नाही." तो अजून तिथेच आहे. वाचायला या.

शेवंताबाईंना मात्र फळ्यावरून कळू नये म्हणून मी आधीच वर जाऊन सांगितलं होतं. त्या कणीक तिंबत होत्या. ऐकून हात थांबला. मला वाटलं, आता कणकेचा गोळा येतो अंगावर. त्यांनी बोटांना चिकटलेली कणीक खरवडून काढली.

"तुमचं मी मागनं बघते, देशमाने," त्या शेवटी म्हणाल्या. "ते सोडणार न्हाई मी. पन त्या मानसाच्या पिठल्यात आमी दोन महिनं मुद्दाम जास्तीचं मीठ घातलं. मीच सुनंला सांगायची, घाल अजून. समदं पुसून खायचा. एकदा बी बोलला न्हाई."

माझं त्या मागून बघणार होत्या ते बघून झालं आहे. तीन दिवस, जिन्यात उभं करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. मी ऐकून घेतलं. त्यावर माझी काही तक्रार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून हाक आली, "मामा, ओ मामा, सैपाकघरातला दिवा गेलाय बगा."

तळमजल्यावरचं दार उघडलं. सोनकांबळे पिशवी आणि लाल बंडल घेऊन निघाले. माझ्या दारावरून वर गेले, तेव्हा चपलांचा आवाज भराभर येत होता. मी दार उघडं ठेवून बसलो. पाऊण तास झाला, तास झाला. मग सावकाश उतरत आले.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"ढिला केलेला होता." ते दारात थांबले. "एलईडी आपोआप ढिला होत नसतो, साहेब."

"माहीत आहे."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझ्या छतावरच्या दिव्याकडे एकदा बघितलं, नेहमीसारखं डोळे बारीक करून.

"आज पिठलं खारट नव्हतं," ते म्हणाले आणि खाली गेले.